हॅरोमधल्या जीपी सर्जरीचे दहा महिने: थायरॉईडच्या गोळ्यांचे पैसे भरत असाल तर आधी हे वाचा

जून ते नोव्हेंबर या काळात मी थायरॉईडच्या गोळ्यांसाठी सहा वेळा प्रत्येकी ९.९० पौंड, म्हणजे एकूण ५९.४० पौंड भरले. सुरुवातीलाच एक फॉर्म भरला असता तर यातला एक पेनीही भरावा लागला नसता, हे मला डिसेंबरात फार्मसीच्या काउंटरवर कळले. हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण तेच आहे. जीपी सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, नोंदणी कशी करायची, एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा क्रमांक कसा मिळतो, ही माहिती इथल्या बहुतेकांना असतेच, म्हणून ती सोडून देते.

आम्ही मार्च २०२५ मध्ये पुण्याहून लंडनमधल्या हॅरोला आलो आणि त्याच आठवड्यात घराजवळच्या सर्जरीत नाव नोंदवले. व्हिसाबरोबर प्रत्येकी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरलेला असल्यामुळे इथे आता औषधांसाठी वेगळे पैसे पडणार नाहीत, अशी माझी समजूत होती. ती चूक होती. अधिभारात डॉक्टरांची तपासणी येते, पण इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवर दर औषधामागे लागणारे शुल्क त्यात येत नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मात्र हे शुल्क मुळातच नाही.

पुण्याहून आणलेल्या गोळ्यांच्या दोन बाटल्या संपत आल्यावर मी अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावला. रांगेत माझा क्रमांक एकोणिसावा होता, आणि नंबर येईपर्यंत त्या दिवशीच्या सगळ्या वेळा संपल्या होत्या. तिसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा रिसेप्शनिस्टने कशासाठी यायचे आहे हे विचारले. माझे दुखणे मी डॉक्टरांना सांगेन, हिला कशाला, असे वाटून मला त्या प्रश्नाचा फार राग आला होता. शेवटी अपॉइंटमेंट मिळाली. डॉक्टरांनी पुण्याचे रिपोर्ट लक्षपूर्वक वाचले, पण स्वतःची रक्ततपासणी झाल्याशिवाय गोळ्या लिहून देणार नाही असे स्पष्ट सांगितले. तेव्हा मला तो वेळकाढूपणा वाटला. तपासणीत टीएसएच (थायरॉईड कमी काम करत असेल तर रक्तात वाढणारे संप्रेरक) वाढलेला निघाला, माझी मात्रा ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम झाली, आणि थकवा महिन्या-दीड महिन्यात कमी झाला. त्या बाबतीत डॉक्टरांचेच बरोबर होते, हे मला मान्य करावे लागते.

रिसेप्शनबद्दलचे माझे मतही ऑक्टोबरात बदलले. १ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सर्जरींना ऑनलाइन विनंतीची सोय कामाच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहापर्यंत खुली ठेवणे बंधनकारक झाले आहे. खांदा धरल्यामुळे मी एका दुपारी तिथे चार ओळी लिहिल्या, आणि संध्याकाळी त्याच रिसेप्शनिस्टचा फोन आला. तिने दोन-तीन प्रश्न विचारून मला डॉक्टरांऐवजी सर्जरीतल्याच फिजिओथेरपिस्टची पुढच्या मंगळवारची वेळ दिली. आपल्याला नेमके कोणाकडे पाठवायचे हे ठरवण्यासाठी ती कारण विचारते, हे मला तेव्हा समजले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. दर २८ दिवसांनी मी फार्मसीत जायची, पैसे भरता का या प्रश्नाला हो म्हणायची आणि कार्ड लावून पिशवी घेऊन घरी यायची. २ डिसेंबरला काउंटरवर नेहमीच्या मुलीऐवजी स्वतः फार्मासिस्ट उभे होते. त्यांनी पिशवीवरचे लेबल वाचले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘लेव्होथायरॉक्सिन कायमचे आहे ना? मग तुम्ही पैसे का भरता?’’ थायरॉईडचे संप्रेरक कायम घ्यावे लागणाऱ्या रुग्णाला एफपी ९२ ए हा फॉर्म भरून वैद्यकीय सवलतीचे प्रमाणपत्र मिळते, ते पाच वर्षे चालते, आणि त्यावर केवळ थायरॉईडचेच नव्हे तर प्रिस्क्रिप्शनवरचे प्रत्येक औषध मोफत मिळते, हे त्यांनी मला समजावून सांगितले. त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले, पण एफपी ५७ ही परताव्याची पावती दिली. ही पावती पैसे भरतानाच मागून घ्यावी लागते, नंतर मिळत नाही. म्हणून माझे आधीचे ५९.४० पौंड गेले ते गेलेच.

दुसऱ्याच दिवशी मी सर्जरीतून फॉर्म घेतला, माझा भाग तिथेच उभ्याने भरला आणि सहीसाठी दिला. फॉर्म एनएचएसच्या कार्यालयात पोहोचला की प्रमाणपत्र त्या तारखेच्या एक महिना आधीपासून लागू होते, त्यामुळे सहीला उशीर झाला तर २ डिसेंबरचे पैसेही बुडणार होते. हे सांगूनही माझा फॉर्म सोळा दिवस एका निळ्या ट्रेमध्ये पडून राहिला. मी तीन वेळा जाऊन आले आणि तिन्ही वेळा काउंटरच्या काचेतून मला त्याच ट्रेमध्ये माझ्या अक्षरातले आडनाव दिसत होते. एका सहीला लागतात किती सेकंद? चौथ्या खेपेला, १९ डिसेंबरला, मी प्रॅक्टिस मॅनेजरना भेटण्याचा आग्रह धरला, तेव्हा दहा मिनिटांत सही आणि शिक्का झाला, आणि फॉर्म मी स्वतः पोस्टात टाकला. जानेवारीत प्रमाणपत्र आले आणि पावती दाखवून ९.९० पौंड परत मिळाले.

या सर्जरीतल्या उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या दिवशी डॉक्टरांनी कायमची गोळी लिहून दिली, त्याच दिवशी हा फॉर्म माझ्या हातात पडायला हवा होता. नव्याने आलेल्या माणसाने जे नावही ऐकलेले नाही ते मागायचे कसे? आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते: प्रमाणपत्र हातात येण्याआधी फार्मसीत सवलत आहे असे सांगून सही करू नका. तपासणीत सापडल्यास औषधाच्या शुल्काखेरीज १०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हीच सवलत आहे. केवळ पथ्यावर असलेल्यांना नाही. माझी नणंद स्लाऊला राहते. ती मेटफॉर्मिन घेते आणि शिवाय रक्तदाबाच्या दोन गोळ्या, म्हणजे दर महिन्याला २९.७० पौंड. गेल्या रविवारी तिला हे सांगितले तेव्हा तिला आधी खरेच वाटेना. सोमवारी तिने तिच्या सर्जरीत फॉर्म भरून दिला, देण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवला, आणि सही कोणत्या तारखेला मिळेल हे काउंटरवरून लिहून घेतले.