गिटवर जुनी पत्रं वाचायला माणसं मिळतात का? ११ महिन्यांचा अनुभव

जुन्या हस्तलिखित पत्रांची मुक्त डिजिटल आवृत्ती करायला घेतली तेव्हा आम्ही दोघीच होतो. स्कॅन हाताशी होते, हक्कांचा प्रश्न मिटला होता, पण पत्रं सहाशेच्या वर आणि वाचणारे डोळे चार. म्हणून सगळं काम गिट (फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) वापरून एका रिपॉझिटरीत, म्हणजे सामायिक फाइलसाठ्यात, उघड्यावर मांडलं. प्रत्येक पत्राची एक टीईआय एक्सएमएल फाइल (मजकुराला खुणा लावून ठेवायची, संपादकांत रूढ असलेली पद्धत), प्रत्येक शंकेचा एक इश्यू (चर्चेची नोंद), प्रत्येक दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट (हा बदल स्वीकारा, अशी विनंती). याला आता ११ महिने झाले. प्रोग्रामरांची ही पद्धत मानव्यविद्येच्या कामाला चालते का, असं बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

रिपॉझिटरी उघडी ठेवली की लोक आपोआप येतील, हा आमचा गोड गैरसमज. पहिले दोन महिने कुणी फिरकलं नाही. दोष आमचाच होता. रीडमी फाइलमध्ये, म्हणजे आलेल्याला आधी दिसणाऱ्या ओळखपत्रात, प्रकल्पाची थोरवी तीन परिच्छेद गायली होती. आलेल्या माणसाने आज काय करायचं, ते एका ओळीतही नव्हतं. मग एका रविवारी बसून कामाचे तुकडे पाडले. ‘पत्र ४१, पान २, शेवटच्या सात ओळी वाचायच्या आहेत. अर्धा तास लागेल. एक्सएमएल येत नसलं तरी चालेल.’ असे वीसेक इश्यू, आणि त्यांना ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यासाठी सोपं पहिलं काम) हे लेबल. पुढच्याच आठवड्यात पहिली अनोळखी व्यक्ती आली.

सगळ्यात चांगले सहकारी मात्र चूक दाखवायला आलेल्यांतून मिळाले. ‘या पत्राची तारीख चुकली आहे, त्या दिवशी हा गृहस्थ प्रवासात होता’ असं कुणी जरा चिडूनच लिहिलं, की आभार मानायचे आणि लगेच विचारायचं: पुढची दहा पत्रं बघता का? याउलट ‘मला काहीही काम द्या’ म्हणणारे सहसा दुसऱ्यांदा दिसत नाहीत. तांत्रिक मंडळी झटकन येतात, पण त्यांना पत्रं वाचायची नसतात, वेबसाइट नव्या फ्रेमवर्कमध्ये लिहून काढायची असते! अशांना नम्रपणे स्कीमा तपासणीच्या, म्हणजे फाइलीतल्या खुणा नियमात बसतात का ते पाहण्याच्या, कामाला लावावं, तिथे ते फार उपयोगी पडतात.

आजवर ३४ जण आले, नियमित उरले ६. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या ‘ट्रान्सक्राइब बेंथॅम’ या २०१० साली सुरू झालेल्या प्रकल्पातही शेकड्यांनी लोकांनी नावं नोंदवली होती आणि बहुतेक मजकूर मोजक्या हातांनी उतरवला होता, हे वाचल्यावर मन शांत झालं.

पद्धतीचं खरं चीज झालं ते वादात. एका शब्दावरून दोघांची १९ दिवस पुल रिक्वेस्टमध्ये जुंपली होती. एकाने त्याच हाताची दुसरी चार पत्रं काढून अक्षराची वळणं दाखवली, दुसरीने व्याकरणावर बोट ठेवलं. शेवटी टीईआयच्या ‘चॉइस’ (पर्याय) घटकात दोन्ही वाचनं ‘अनक्लिअर’ (अस्पष्ट) म्हणून शेजारी ठेवली आणि इश्यूचा दुवा टिपेत दिला. छापील आवृत्तीत ही चर्चा संपादकाच्या कपाटात गेली असती. इथे ती कुणालाही वाचता येते, आणि उद्या पाचवं पत्र सापडलं तर वाद पुन्हा उघडता येतो. मात्र यासाठी एक नियम कडक पाळावा लागला: फोनवरच्या ग्रुपमध्ये जे ठरलं ते इश्यूमध्ये उतरेपर्यंत ठरलेलं नाही.

आता त्रास. गिट फरक ओळीओळीने दाखवतं आणि एक्सएमएलला ओळींशी देणंघेणं नसतं. एका सहकाऱ्याच्या एडिटरने सेव्ह करताना अख्खी फाइल पुन्हा इंडेंट केली, म्हणजे ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा बदलली; तीन शब्दांची दुरुस्ती, आणि बदल दिसतोय दोन हजार ओळींचा. अशा चार फाइली मी न बघता मर्ज केल्या (मुख्य प्रतीत मिसळल्या) आणि दुसऱ्या कुणाची आठवड्याची मेहनत पुसली गेली. इतिहास जपलेला असल्यामुळे ती परत मिळाली, पण त्या माणसाचा मूड गेला तो गेलाच. तेव्हापासून फॉरमॅटिंगचे नियम आणि स्कीमाची तपासणी मर्जच्या आधी आपोआप होते. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

याहून लाजिरवाणी गोष्ट पाचव्या महिन्यात कळली. आमच्यातले सर्वांत अनुभवी अक्षरवाचक गिटला हात लावत नाहीत. ते ईमेलने वाचन पाठवायचे, मी फाइलमध्ये घालायचे, आणि प्रत्येक कमिटवर (गिटमधल्या बदलाच्या नोंदीवर) नाव माझं. एकदा त्यांनी सहज विचारलं, ‘माझं नाव कुठे दिसतं हो?’ कुठेच दिसत नव्हतं. रात्र घालवून जुने ईमेल चाळले आणि प्रत्येक पत्राच्या टीईआय हेडरमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात) कुणी वाचलं, कुणी तपासलं, कुणी टिपा लिहिल्या हे भरलं. नव्या कमिटना ‘को-ऑथर्ड-बाय’ची, म्हणजे सहकर्त्याचं नाव सांगणारी, ओळ आता सक्तीची आहे. मेरीलँड विद्यापीठातल्या २०११ च्या कार्यशाळेतून निघालेली सहकाऱ्यांच्या हक्कांची सनद मी आधी वाचली होती, मान डोलावली होती, आणि नेमकं तेच केलं नव्हतं. भूमिकांसाठी क्रेडिट ही १४ भूमिकांची वर्गवारी वापरून पाहिली. ती घडली विज्ञानाच्या शोधनिबंधांसाठी. हस्ताक्षर वाचणाऱ्याला तिच्यात स्वतःची खुर्ची नाही, ‘डेटा क्युरेशन’मध्ये (माहिती लावणं-जपणं) अंग चोरून बसावं लागतं. आम्ही दोन भूमिका आपल्या पदरच्या जोडल्या. दर तिमाहीची आवृत्ती झेनोडो या संशोधनसाहित्याच्या खुल्या संग्रहावर जाते, तिला डीओआय (संदर्भ देण्यासाठीचा कायमचा ओळखक्रमांक) मिळतो, आणि नावं आडनावाच्या अकारविल्हे लागतात. कमिटच्या संख्येने लावली असती तर मीच कायम पहिली.

परवान्याबद्दल थोडक्यात: सीसी बाय ४.० ला (श्रेय दिलं तर कुणालाही, व्यावसायिक कामासाठीही, वापरू देणारा परवाना) होकार पहिल्या योगदानाच्या आधी लेखी घ्या. आम्ही नंतर विचारलं, एकांना व्यावसायिक वापर मान्य नव्हता, त्यांच्या २३ टिपा काढाव्या लागल्या. त्यांचं काही चुकलं नाही.

कामं अडकण्यावरचा उपायही साधा निघाला. घेतलेल्या इश्यूवर तीन आठवडे शांतता असली की तो न विचारता मोकळा होतो. कुणाला कारण द्यावं लागत नाही, त्यामुळे गायब झालेले लोक संकोच न करता परतही येतात. दोघे तसे आले.

तुमच्या गटात सगळे वाचणारेच असतील आणि गिट जाणणारं एकही माणूस नसेल, तर या वाटेला जाऊ नका. विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या कुटुंबातलं मुक्त ग्रंथालय) स्कॅन आणि मजकूर शेजारी दिसतो, पान मुद्रितशोधित झालं की पिवळं, दुसऱ्याने प्रमाणित केलं की हिरवं. नवख्याला दहा मिनिटांत समजतं. आमचा पुढचा संच स्वच्छ अक्षरातला आहे, त्यात दोन वाचनांचे वाद फारसे निघणार नाहीत. तो आम्ही तिथेच नेतोय. भांडकुदळ पत्रं गिटवरच राहतील.