आयफोनचा पुढचा बीटा कधी? ॲपलच्या बीटा सेवेचं न छापलेलं पंचांग

ॲपलच्या बीटा सेवेत, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी प्रती वापरायला देणाऱ्या सोयीत, सगळं मिळतं, फक्त तारीख मिळत नाही. जूनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडीसीच्या, म्हणजे ॲपलच्या वार्षिक डेव्हलपर परिषदेच्या, मंचावरून एवढंच सांगतात की डेव्हलपर बीटा (मुख्यतः ॲप बनवणाऱ्यांसाठी) आजपासून, पब्लिक बीटा (सर्वसामान्यांसाठी) पुढच्या महिन्यात आणि अंतिम आवृत्ती अमेरिकेतल्या पानगळीत. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत मौनव्रत. सेवा म्हणून हा मोठा उणेपणा आहे, कारण बीटावर राहणाऱ्याला बॅकअप, चार्जिंग, डेटा पॅक, दुसऱ्या दिवशीची कामं असं सगळं जुळवून घ्यावं लागतं. तरीही या सेवेला नापास करता येत नाही. कंपनी तारखा सांगत नसली तरी तिच्या सवयी पक्क्या आहेत आणि त्यावर ठोकताळे बांधता येतात.

आधी घड्याळ, कारण तिथे चूक सर्वात कमी होते. बीटा जवळजवळ नेहमी कॅलिफोर्नियातल्या सकाळी १० वाजता सुटतो. उन्हाळी वेळेत ते आपले रात्रीचे १०:३०, हिवाळी वेळेत ११:३०. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. २०२५ साली घड्याळं ९ मार्चला बदलली, म्हणून आयफोनच्या आयओएस या यंत्रणेच्या १८.४ आवृत्तीचा दुसरा बीटा ३ मार्चला आपल्याकडे साडेअकराला आणि तिसरा १० मार्चला साडेदहाला येण्याचा हिशेब होता. ज्यांच्या हे लक्षात राहत नाही ते मार्चमध्ये तासभर उशिरा बघतात आणि नोव्हेंबरमध्ये तासभर उगाच ताटकळतात. दुपारी चारला सेटिंग्ज उघडून 'आला का, आला का' करण्यात काहीच अर्थ नाही; तेव्हा ॲपलचं मुख्यालय असलेल्या क्युपर्टिनोत पहाट असते.

वारांचा कल सोमवार-मंगळवारकडे आहे. बुधवार अधूनमधून, शुक्रवार क्वचित. पण अगदीच नाही असं नाही: १८.४ चा पहिला बीटा २१ फेब्रुवारी २०२५ ला, म्हणजे शुक्रवारीच आला होता. या आवृत्तीचं मराठी वाचकाला वेगळं अगत्य असायला हवं, कारण आयफोनची संपूर्ण यंत्रणा मराठीतून वापरायची सोय तिच्यापासून झाली. ३१ मार्चला अंतिम आवृत्ती येईपर्यंत जवळजवळ साडेपाच आठवडे सेटिंग्जमधलं मराठी तपासून, चुकलेले शब्द कळवायला मोकळीक होती.

आता अंतर. मोठ्या वार्षिक आवृत्तीचे दोन हंगाम असतात. जून-जुलैत बीटा पंधरवड्याला येतो, ऑगस्ट लागला की आठवड्याला. २०२४ सालच्या आयओएस १८ ची यादी बिल्ड क्रमांकांसकट (प्रत्येक प्रतीच्या ओळख क्रमांकासकट) अशी:

पहिला – १० जून, सोमवार – २२ए५२८२एम
दुसरा – २४ जून, सोमवार – २२ए५२९७एफ
तिसरा – ८ जुलै, सोमवार – २२ए५३०७एफ
चौथा – २३ जुलै, मंगळवार – २२ए५३१६जे
पाचवा – ५ ऑगस्ट, सोमवार – २२ए५३२६एफ
सहावा – १२ ऑगस्ट, सोमवार – २२ए५३३८बी
सातवा – २० ऑगस्ट, मंगळवार – २२ए५३४६ए
आठवा – २८ ऑगस्ट, बुधवार – २२ए५३५०ए
आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम ठरू शकणारी प्रत) – ९ सप्टेंबर, सोमवार – २२ए३३५४

म्हणजे दिवसांचं अंतर १४, १४, १५, १३, मग ७, ८, ८ आणि शेवटी १२. पुढच्या वर्षी आयओएस २६ ला हेच अंतर १४, १४, १५, १४, ६, ७, ७, ८, ७ असं पडलं; फक्त बीटा एक जास्त, नववा २ सप्टेंबरला. त्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी होती, म्हणून सोमवार हुकून मंगळवार लागला. आपल्या सुट्ट्या या गणितात धरायच्या नाहीत. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी सहावा बीटा नेमका १५ ऑगस्टलाच आला. ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, मात्र धरायचा: २०२२ साली तिसरा बीटा ६ जुलैला आणि २०२३ साली ५ जुलैला, दोन्ही वेळा बुधवारी.

अंदाज सर्वात जास्त फसतो तो तिसऱ्या आणि चौथ्या बीटाच्या मध्ये. २०२२ साली तिथे २१ दिवस गेले, २०२३ साली २०, त्यानंतरची दोन वर्षं १५. पंधरवड्याचा हिशेब धरून बसलेले लोक जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हमखास कावतात. या पट्ट्यातच पब्लिक बीटा सुरू होतो (२०२२ ला ११ जुलै, २०२३ ला १२ जुलै, २०२४ ला १५ जुलै, २०२५ साली चौथ्या बीटानंतर, २४ जुलैला), आणि त्याच्या तोंडावर एक चकवा असतो. बहुधा तिसऱ्या डेव्हलपर बीटाचीच दुरुस्त प्रत सोडली जाते. नाव तेच, बिल्डचं शेवटचं अक्षर बदललेलं. २०२४ साली २२ए५३०७एफ ची २२ए५३०७आय झाली ती १५ जुलैला, पब्लिक बीटाच्याच दिवशी. हा चौथा बीटा समजून नव्या सोयी शोधत बसू नये. पब्लिक बीटा दारात आहे, एवढीच खूण त्यातून घ्यायची.

बिल्ड क्रमांक वाचता येणं हे या सगळ्या खटाटोपातलं सर्वात उपयोगी कौशल्य. सेटिंग्ज, जनरल, अबाउट, तिथे आयओएस व्हर्जनवर बोट ठेवलं की तो दिसतो. सुरुवातीचा आकडा मूळ आवृत्तीचा: आयओएस १७ ला २१, १८ ला २२, आणि नाव उडी मारून २६ झालं तरी बिल्ड गुमान २३ वर. मधलं अक्षर उपआवृत्तीचं. 'ए' म्हणजे पहिली, 'बी' म्हणजे .१ (१८.१ ची अंतिम प्रत २२बी८३ होती), तसं करत १८.४ ची अंतिम प्रत २२ई२४०. बीटात त्यापुढचा आकडा पाचाने सुरू होतो. शेवटचं अक्षर बीटा किती कच्चा आहे ते सांगतं. हंगामाच्या आरंभी ते वर्णमालेत बरंच पुढचं असतं, शेवटाकडे 'बी', मग 'ए'. मधल्या काळात त्यावर भरवसा ठेवू नये. वरच्या यादीत 'एफ' नंतर 'जे' आलेलाच आहे. पण ऑगस्टमध्ये एकदा 'ए' दिसला की आरसी सुमारे तीन आठवड्यांवर. २०२४ साली २० दिवस लागले, २०२३ साली २१. आणि शेवटचं अक्षर व तो पाच, दोन्ही गायब झाले की हातात आहे ती आरसी.

आरसीची तारीख ओळखायला तर डोकंही लावावं लागत नाही. नव्या आयफोनचा कार्यक्रम ज्या दिवशी, आरसी त्याच दिवशी: ७ सप्टेंबर २०२२, १२ सप्टेंबर २०२३, ९ सप्टेंबर २०२४, ९ सप्टेंबर २०२५. अंतिम आवृत्ती त्यापुढच्या सोमवारी, चारही वर्षी. कार्यक्रमाचं निमंत्रण आलं की दोन तारखा एकदम पक्क्या धरायला हरकत नाही. फक्त आपला सण तपासायचा. २०२३ साली अंतिम आवृत्ती १८ सप्टेंबरच्या रात्री आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी गणपती. अशा रात्री अपडेट लावून, सकाळी मूर्ती आणताना 'अपडेट तपासत आहे' ही पट्टी बघत उभं राहण्यापेक्षा दीड दिवस थांबलेलं बरं.

वर्षातल्या बाकीच्या उपआवृत्त्यांची चाल ढोबळ आहे. .१ ऑक्टोबरअखेर, .२ डिसेंबरच्या मध्याला (१७.२ आणि १८.२ दोन्ही ११ डिसेंबरला), .३ जानेवारीच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास, .४ मार्चमध्ये, .५ मेच्या मध्याला (१३ मे २०२४, १२ मे २०२५). यातला .४ बेभरवशाचा. १७.४ आली ५ मार्चला, कारण युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारांच्या कायद्याची मुदत ७ मार्च २०२४ ला लागू होत होती, १८.४ ला अशी घाई नव्हती, ती ३१ मार्चला आली. कायद्याची मुदत, नवं उपकरण, मोठी घोषणा यांपैकी काही समोर असेल तर सवयीचा हिशेब बाजूला ठेवावा. २०२४ च्या जुलैत असंच झालं. १८.० चे बीटा चालू असतानाच २९ जुलैला १८.१ चा पहिला बीटा वेगळा सुटला, ॲपल इंटेलिजन्स या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींसाठी, आणि तोही आयफोन १५ प्रो व प्रो मॅक्सपुरताच. एकाच वेळी दोन रांगा चालू होत्या आणि कुठल्या रांगेतला पुढचा बीटा विचारताय, हे आधी ठरवावं लागत होतं.

गडबडीही होतात. २०१८ साली आयओएस १२ चा सातवा बीटा १३ ऑगस्टला येऊन त्याच दिवशी मागे घेतला गेला, कारण फोन रखडत होते. आठवा दोन दिवसांत आला. त्याच महिन्याच्या शेवटी फोन अनलॉक केला की 'नवं अपडेट उपलब्ध आहे' ही चौकट पुन्हा पुन्हा यायला लागली, प्रत्यक्षात अपडेट काहीच नव्हतं. उतारा म्हणून ३१ ऑगस्टला, शुक्रवारी, नवा बीटा आला. म्हणून चालू बीटात सगळ्यांनाच भोवणारा मोठा बिघाड असेल तर पुढच्या वाराची वाट न बघता दोन-तीन दिवसांत काहीतरी येणार असं धरावं. एखाद्याच ॲपची कुरकुर असेल तर नेहमीचा आठवडा-पंधरवडा.

प्रत्यक्ष सेवेकडे वळतो. आयओएस १६.४ पासून बीटा चालू करायला प्रोफाइल नावाची वेगळी फाइल उतरवून घेण्याची भानगड गेली. २०२३ च्या जूनपासून डेव्हलपर बीटासाठी वर्षाचे ९९ डॉलरही भरावे लागत नाहीत. ॲपलच्या डेव्हलपर संकेतस्थळावर आपल्या खात्याने एकदा शिरून अटी मान्य केल्या की पुरे. मग सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, बीटा अपडेट्स, आणि हवी ती रांग निवडायची. ही ओळच दिसत नसेल तर खातं नोंदलेलं नाही, किंवा फोनवर दुसऱ्याच खात्याने शिरलेलं आहे. बीटा अपडेट्सच्या पानावर तळाशी खातं बदलता येतं, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. बीटा सुटलाय पण आपल्याला दिसत नाही, तर सेटिंग्ज पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं. तरी नाही तर फोन रीस्टार्ट. पहिला अर्धा-पाऊण तास सर्व्हरवर झुंबड असते. साडेदहाला बटण दाबून अकरा-सव्वाअकरापर्यंत रखडण्यापेक्षा अकरानंतरच सुरू करावं. जागा १५ ते २० जीबी मोकळी हवी. पहिला बीटा आणि आरसी आकाराने मोठे, मधले लहान.

डेव्हलपर की पब्लिक? तारखांचा नाद असेल तर डेव्हलपर, फोन एकच असेल तर पब्लिक. पब्लिक रांगेत बहुतेकदा तीच प्रत येते, तासाभराने किंवा एक-दोन दिवसांनी, आणि तेवढ्या वेळात मागे घ्यायची प्रत मागे घेतली गेलेली असते. बँकेची आणि यूपीआयची ॲप बीटावर कधीही रुसू शकतात, विशेषतः पहिल्या तीन बीटांत. दुकानात क्यूआर कोडसमोर उभं राहून हे कळण्यात मजा नाही. बॅटरीबद्दल पहिल्या दिवशी मत बनवू नये. फोन आतून फोटो आणि फाइलींची नव्याने जंत्री करत असतो, दोन दिवस जाऊ द्यावेत.

दोष कळवायची सोय उत्तम आहे, पण लोक ती अर्धवट वापरतात. बिघाड घडला की त्याच क्षणी आवाजाची दोन्ही बटणं आणि बाजूचं बटण एकदम दाबून सेकंद-दीड सेकंदात सोडायची. फोन थरथरतो आणि तांत्रिक नोंद तयार होऊ लागते. तिला दहा मिनिटंही लागू शकतात. मग ती सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीखाली, ॲनालिटिक्स डेटामध्ये सापडते आणि फीडबॅक असिस्टंट या तक्रारी कळवायच्या ॲपमधून जोडता येते. ऑगस्टच्या मध्यानंतर पाठवलेल्या बारीकसारीक तक्रारी बहुधा .१ मध्येच सुटतात, तेव्हा जे कळवायचं ते जुलैत.

परतीची वाट हा या सेवेतला सर्वात खडतर भाग. बीटावरून जुन्या आवृत्तीवर यायला संगणक लागतो, फोन पूर्ण पुसावा लागतो, आणि बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. म्हणून पहिला बीटा टाकण्याआधी मॅकवर फाइंडरमधून बॅकअप घ्यावा आणि बॅकअपच्या यादीत त्यावर उजवं बटण दाबून 'अर्काइव्ह' करावा, म्हणजे पुढचा बॅकअप त्याच्यावर लिहिला जात नाही. फोन न पुसता बाहेर पडायची खिडकी वर्षातून एकदा नीट उघडते: आरसी आल्यापासून .१ चा पहिला बीटा येईपर्यंत. २०२३ साली ती १२ ते २६ सप्टेंबर होती, २०२५ साली ९ ते २२ सप्टेंबर. या तेरा-चौदा दिवसांत बीटा अपडेट्समध्ये जाऊन 'ऑफ' केलं की फोन मुकाट्याने सगळ्यांच्या रांगेत येतो. विसरलात आणि स्वयंचलित अपडेट चालू असेल, तर एका सोमवारी रात्री साडेदहानंतर फोन पुढच्या बीटावर गेलेला असेल, आणि मग ऑक्टोबरअखेरपर्यंत मुक्काम तिथेच.