उबदार ट्रेलर दाखवला आणि मेलेली फर्नेस गळ्यात मारली

मार्च २०२३. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळच्या एका गावात आम्ही गाडीला जोडून न्यायचा, आत राहता येईल असा २४ फुटी जुना ट्रेलर बघायला गेलो, तेव्हा रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते. विकणाऱ्यानं दार उघडलं आणि आतून अशी ऊब आली की माझ्या चष्म्यावर वाफ धरली. “फर्नेस एकदम मस्त आहे,” असं म्हणत त्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवायची कळ, वर सरकवला. (फर्नेस म्हणजे प्रोपेन गॅस जाळून ट्रेलर उबदार ठेवणारी भट्टी.) जमिनीतल्या जाळ्यांमधून घूं घूं करत वारा यायला लागला. मी हात धरून पाहिला, वारा कोमट होता. नवऱ्यानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि ट्रेलर तिथेच मनानं घेऊन टाकला. १६,००० डॉलर.

तो वारा कोमट का होता, हे कळायला आम्हाला सात महिने लागले. सगळं सविस्तर लिहितेय, कारण आपल्या ओळखीतली बरीच कुटुंबं हल्ली असे जुने ट्रेलर घेतायत. आणि आमचं जे झालं ते फक्त पैशांवर निभावलं, हे नशीब.

निघताना त्या माणसानं दोन सिरॅमिक हीटर आम्हाला फुकट दिले. “कॅम्पग्राउंडवर वीज भाड्यातच असते, मग गॅस कशाला जाळायचा? हे लावा.” सल्ला तसा खोटा नाही, बरेच लोक तसंच करतात. म्हणून तर तो आम्हाला पटला. जूनमध्ये डोंगरात वीजजोडणीच्या जागी उतरलो, रात्री गारठा होता, आम्ही तेच हीटर लावले. १५०० वॉटचा हीटर तासाला साधारण ५,१०० बीटीयू (हे उष्णता मोजायचं एकक) उष्णता देतो. खोक्यावर सिरॅमिक लिहिलेलं असो, इन्फ्रारेड असो की तेलाचा असो, १५०० वॉटमधून त्याहून जास्त निघत नाही. आमची फर्नेस ३०,००० बीटीयूची. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट, त्यातले ३,००० दोन हीटरनीच खाल्ले. चहाचं पाणी मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की ब्रेकर पडायचा. दुसऱ्या दिवशी प्लग काढायला गेले तर सॉकेटचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं होतं, आणि हाताला चटका बसेल इतकं गरम. एवढं होऊनही फर्नेस एकदा लावून बघावी, असं आमच्या डोक्यात आलं नाही. ती चालताना आम्ही डोळ्यांनी पाहिली होती ना!

ऑक्टोबरात आई-बाबा सांगलीहून आले होते. त्यांना युटामधलं ब्राइस कॅन्यन हे राष्ट्रीय उद्यान दाखवायचं ठरलं. २८ तारखेला कोजागिरी होती, लाल सुळक्यांवर चांदणं बघत मसाला दूध प्यायचं, असा माझा बेत. ब्राइस सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे आणि पार्कच्या आतल्या कॅम्पग्राउंडला वीजजोडणी नाही. आम्ही त्याची काळजी केली नव्हती. दोन्ही प्रोपेनचे सिलिंडर भरून घेतले होते.

दूध प्यायलो, चंद्र पाहिला, आत आलो आणि थर्मोस्टॅट लावला. पंखा सुरू झाला. थोड्या वेळानं आईनं जाळीवर हात ठेवला आणि म्हणाली, “अगं, ही हवा गार का येतेय?”

बाबांना वाटलं, गॅस थिजला असेल. त्यांचं म्हणणं आपल्याकडच्या हिशेबानं रास्त होतं. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन मिसळलेला असतो आणि ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो. इथे मात्र नुसता प्रोपेन, तो उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. स्वयंपाकाची शेगडीही व्यवस्थित पेटत होती. म्हणजे गॅस होता, पण फर्नेसमध्ये ज्योत लागत नव्हती.

नवरा हातात टॉर्च घेऊन फर्नेसचं झाकण उघडायला बसला. “एखादी वायर सुटली असेल, लावून देतो,” म्हणाला. त्याची बोटं थंडीनं इतकी बधिर झाली होती की स्क्रू निघेना. मी शेगडीच्या चारही ज्योती लावून ठेवूया म्हटलं, तर त्यानं मला अडवलं. बंद ट्रेलरमध्ये उबेसाठी शेगडी जाळत ठेवली तर ती आतला प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडू शकते. रात्री दीडच्या सुमाराला बॅटरी उतरली, कारण तो पंखा तासन् तास फुकट फिरत होता. दिवेही गेले. बाबांना खोकल्याची उबळ आली. शेवटी चौघंही पिकअपमध्ये बसलो आणि जवळच्या मोटेलची घंटा वाजवली. सकाळी परत आलो तर पाण्याच्या पंपाचं गाळणं तडकलेलं होतं आणि आत बर्फाचा गोळा.

डेन्व्हरला आल्यावर तंत्रज्ञ घरी आला. त्यानं फर्नेस बाहेर ओढली आणि आम्हा दोघांना जवळ बोलावलं. गॅसच्या व्हॉल्व्हला जाणारी वायर काढून, तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून, नीट बाजूला दुमडून ठेवली होती. “हे आपोआप होत नाही,” एवढंच तो म्हणाला.

या फर्नेसचं काम असं चालतं: ज्योत एका बंद लोखंडी पेटीत जळते, तिचा धूर नळकांड्यातून बाहेर जातो, आणि पंखा खोलीतली हवा त्या पेटीच्या बाहेरून फिरवून परत खोलीत सोडतो. खोलीतली हवा आणि ज्योतीची हवा कधीच एकत्र येता कामा नयेत. आमच्या पेटीला बोटभर लांब भेग होती आणि तिच्याभोवती काजळी. फर्नेस पेटली असती तर पंख्यानं तो धूर थेट आमच्या अंथरुणांकडे ढकलला असता.

म्हणजे त्या माणसाला भेग माहीत होती. त्यानं वायर काढली, पंखा तेवढा चालू राहील असं केलं आणि आम्ही यायच्या आधी रात्रभर विजेचे हीटर लावून ट्रेलर तापवून ठेवला. पंखा खोलीतलीच गरम हवा आम्हाला परत दाखवत होता. बहुधा तेच दोन हीटर त्यानं आम्हाला भेट दिले.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. बोटं बधिर झाली नसती तर त्या रात्री नवऱ्यानं ती वायर खरंच जोडली असती. आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर, म्हणजे तो वायू पसरला की भोंगा वाजवणारं यंत्र? त्याच्या पाठीवर २०११ सालची तारीख होती. ही यंत्रं पाच ते दहा वर्षांत बाद होतात. शिवाय त्याची वायरही कापलेली. त्याचा हिरवा दिवा कधीच लागलेला नव्हता आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आई-बाबा त्या ट्रेलरमध्ये झोपले होते.

नवी फर्नेस, डिटेक्टर आणि पाण्याची दुरुस्ती मिळून २,००० डॉलरच्या वर गेले. त्या माणसानं पहिला फोन घेतला, “मी विकला तेव्हा चालत होती,” म्हणाला, नंतर उचललाच नाही. कोलोरॅडोत ७,५०० डॉलरपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो, पण आमच्या पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहिलेलं, त्याखाली आमच्या सह्या, आणि ‘सगळं चालतं’ म्हणणारी जाहिरात त्यानं काढून टाकलेली. तिचा स्क्रीनशॉटही आम्ही घेतला नव्हता. फर्नेसबद्दल तो जे बोलला ते सगळं तोंडी. तुम्ही निदान मेसेजवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

या वर्षी महाराष्ट्र मंडळातल्या एका जोडप्याबरोबर आम्ही दुसरा ट्रेलर बघायला गेलो. विकणाऱ्या बाईंनी आपलेपणानं सांगितलं, “थंडी आहे म्हणून आधीच गरम करून ठेवलाय.” नवऱ्यानं त्यांना बाहेरून आलेली विजेची केबल काढायला सांगितली आणि दारं-खिडक्या उघडायला लावल्या. आम्ही अंगणात अर्धा तास कुडकुडत उभे राहिलो. आत चांगलं गार झाल्यावर थर्मोस्टॅट लावला. पंखा सुरू झाला, काही सेकंदांनी आतून भक्क असा आवाज आला. मी बाहेर धुराच्या नळकांड्यापाशी होते. थोडा दूर हात धरला, तर हवा भाजेल इतकी गरम. तेवढ्यात नवऱ्यानं डिटेक्टर भिंतीवरून काढून मागची तारीख वाचली. तो बदलावा लागणार होता. बाईंनी ते पैसे किमतीतून कमी केले, आणि त्या दोघांनी तो ट्रेलर घेतला.