फोर्टात जेवायचं तर दुपारी या (बेरी पुलाव आणि एक फसलेली शनिवार रात्र)

आमच्या बाबांनी 31 वर्षं फोर्टात नोकरी केली आणि 31 वर्षं डबा खाल्ला. बलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे जुनं इराणी हॉटेल त्यांच्या ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर, पण आत कधी पाय नाही ठेवला, का तर "घरचं असताना बाहेर कशाला". रिटायर होऊन चार वर्षं झाली तेव्हा मीच सुट्टी टाकली आणि ओढत घेऊन गेले. वार बुधवार, म्हणजे नॉनव्हेजला घरून परवानगी.

सीएसएमटीला उतरून जीपीओच्या बाजूने चालत गेलो, साडेबाराला पोचलो, दहाच मिनिटं थांबलो आणि टेबल मिळालं. एक वाजल्यावर मात्र बाहेर जी लाइन लागली ती बघून बाबा खूश, कारण लवकर निघायचा हट्ट त्यांचाच होता.

हॉटेल 1923 चं आहे आणि ते लपवायचा कोणी प्रयत्न केलेला नाही. उंच छत, रंग उडालेल्या भिंती, जुन्या लाकडी खुर्च्या. पूर्वी इथे मालक बोमन कोहिनूर आजोबा टेबलाटेबलावर येऊन गप्पा मारायचे, लाइम सोडा घ्या म्हणून आग्रह करायचे, 2016 ला ब्रिटनचे राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा त्यांनाही भेटून आले होते. 2019 ला आजोबा गेले, 97 वर्षांचे होते.

मटण बेरी पुलाव मागवला. याला बिर्याणी समजून जाऊ नका, नाहीतर निराश व्हाल. भात मोकळा आणि सौम्य, वर तळलेला कांदा, काजू आणि त्या लाल बारक्या इराणी बेरी, म्हणजे झेरेश्क, खरा मसाला सगळा खाली मटणात लपलेला, त्यामुळे वरवर खाल्लं तर फिकं लागतं, चमचा तळापर्यंत घालून सगळं एकत्र उचलायचं. बेरी आंबट, जरा चघळावी लागणारी, आपल्या आमसुलाचं लांबचं भावंड म्हणा हवं तर. बाबांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले "भात चांगला मोकळा झालाय". आमच्या घरात याच्यावर कौतुक नसतं. सोबत पालनजीचं रास्पबेरी सरबत-सोडा, जे मला खोकल्याच्या औषधासारखं लागतं आणि तरी दर वेळी घेतेच, आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. एका प्लेटमध्ये दोघांचं आरामात झालं. स्वस्त नाहीये, पण पोट आणि पैसे दोन्हीचा हिशोब बसतो.

आता उलटा अनुभव. पंधरा दिवसांनी भाऊ आला बंगलोरहून, शनिवारी रात्री काळा घोड्याजवळच्या एका नव्या चकचकीत ठिकाणी गेलो (नाव नाही सांगत). पाऊण तास बाहेर उभे, आत म्युझिक एवढं की आईला दोन वेळा "काय?" विचारावं लागलं, बोंबील फ्राय म्हणून जे आलं त्यात पीठच जास्त. वर बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला! मी म्हटलं काढा, तर मॅनेजर म्हणे पॉलिसी आहे. अहो, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय की असा चार्ज आपोआप लावायचा नाही, दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये ते उचलूनही धरलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनचं नाव काढल्यावर दोन मिनिटांत नवीन बिल आलं. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, त्यात वाद घालू नका. आणि वेटरला टीप हातात द्या, त्या बिचाऱ्याचा यात काय दोष.

माझं मत विचाराल तर हा एरिया ऑफिसवाल्यांचा आहे, त्यांना दुपारी तासाभरात जेवून परत जागेवर बसायचं असतं, म्हणून इथलं चांगलं जेवण दुपारीच असतं, झटपट आणि ताजं. बजेट कमी असेल तर स्टेशनसमोर पंचम पुरीवाला आहेच, गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, बसायला जागा मिळेल याची आशा ठेवू नका.

बाबांना आता धोबीतलावच्या कयानी या इराणी हॉटेलात बन मस्का खायचाय, ते तर 1904 चं. गुडघे कुरकुरतायत, त्यामुळे टॅक्सी करावी लागेल आणि टॅक्सीचे पैसे कोण देणार यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.