पीएनआर खरा होता, तिकीट चोरीचं होतं

नातवाचं जावळ बंगळुरूला होतं. जाणारे आम्ही चौघं: मी, बायको, आई आणि पुतण्या. सोयाबीन विकून हाती पैसा होता, पण नागपूरहून विमानाचं माणशी साडेसहा हजार भाडं ऐकून हात आखडला. तालुक्याला बसस्टँडसमोर सातबारा, पीक विमा, रेल्वेचं तिकीट, सगळं काढून देणारा एक पोरगा बसतो. तो म्हणाला, "काका, पॉइंटवर काढून देतो ना! साडेतीन हजारात. लोकायचे पॉइंट तसेच वाया जाऊन राहिले."

पॉइंट म्हणजे विमानकंपनी नेहमीच्या प्रवाशाच्या खात्यात जमा करते ते गुण, त्यावर तिकीट काढता येतं. पण लोकायचे म्हणजे कोणाचे, हे मी विचारलं नाही. स्वस्त पडत होतं ना.

यूपीआयने चौदा हजार पाठवले. मग त्यानं विचारलं, "तुमचा पोरगा विमानानं फिरते ना? त्याचा मेंबर नंबर द्या, तुमच्या प्रवासाचे पॉइंट त्याले जमा करून देतो." मुलगा मीटिंगमध्ये होता. आधी नंबर मागितला, पाच मिनिटांनी ओटीपी. बापानं मागितला म्हणून त्यानंही दिला. नंतर कळलं, उडणाऱ्याचे पॉइंट उडणाऱ्याच्याच खात्यात जमा होतात, आणि पॉइंटवर काढलेल्या तिकिटावर बहुतेक वेळा नवे पॉइंट मिळतच नाहीत. म्हणजे त्याचं बोलणं मुळातच खोटं होतं.

मी अगदीच आंधळा नव्हतो. विमानकंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून पाहिला. चौघांची नावं बरोबर, आईचं आधारवरचं स्पेलिंगसुद्धा, आणि खाली कन्फर्म. निघायच्या आदल्या रात्री नऊला पुन्हा पाहिलं, तेव्हाही कन्फर्म. तिकीट खोटं नव्हतंच. खऱ्या कंपनीचं, खऱ्या विमानाचं होतं. फक्त ते कुण्या अनोळखी माणसाच्या खात्यातले पॉइंट चोरून काढलेलं होतं.

दारव्ह्याहून रात्री दोनला गाडी काढली. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर गेटवरच्या जवानानं प्रिंट आणि आधार पाहून आत सोडलं. काउंटरवरच्या पोरीनं नंबर टाकला, परत टाकला, मग शेजारणीला बोलावलं. "ही बुकिंग कॅन्सल झालीय, सर. ज्यांच्या खात्यातून पॉइंट गेले, त्यांची रात्री तक्रार आली." आई व्हीलचेअरवर, मांडीवर कुरडयांची पिशवी धरून. "विमान गेलं का रे?" म्हणाली.

ऐनवेळचं तिकीट अकरा हजार. आईला माघारी न्यायचं धाडस झालं नाही. आई आणि बायकोची दोन तिकिटं घेतली. मी आणि पुतण्या संघमित्रा एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात. पोचलो तेव्हा जावळ उरकलं होतं.

तिथं मुलानं खातं उघडलं, तर सेहेचाळीस हजार पॉइंट गायब. त्यावर तीन परकी माणसं पुण्याहून कोलकात्याला जाऊनही आली होती. कंपनीचं उत्तर एका ओळीचं: ओटीपी तुम्हीच दिलात, पॉइंटची खरेदी-विक्री नियमात बसत नाही, खातं बंद. मुलगा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार दिली, पण माझे पैसे जाऊन महिना उलटला होता, खात्यात अडवायला काही उरलंच नव्हतं. ठाण्यात साहेबांनी विचारलं, "पॉइंट गेले म्हणजे नेमकं काय गेलं?" मला नीट सांगता आलं नाही.

आता घरचं कोणाचंही तिकीट आलं की मी दोन गोष्टी पाहतो. पहिली, बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे. आमच्या बुकिंगमध्ये त्या पोराचा होता, म्हणून रद्द झाल्याचा मेसेज त्याला गेला, आम्ही इकडे बॅगा भरत बसलो. दुसरी, भाड्याचा तपशील. पॉइंटवरच्या तिकिटाला कर तेवढा पैशात भरावा लागतो, ते पावतीवर दिसतं. त्यानं पाठवलेल्या कागदाचा खालचा भाग कापलेला होता, मला वाटलं प्रिंटरनं खाल्ला.

पोरगा म्हणतो, "काका, मलेई वरून फसवलं." त्याचं दुकान सुरूच आहे. परवा मीही तिथं रांगेत होतो, सातबारा हवा होता. दुसरं दुकान सतरा किलोमीटरवर आहे.