स्पॅनिशभाषक चित्रकारांचा कार्डसंच: वर्षभर वापरल्यावर

गेल्या महिन्यात या संचाचे क्यूआर कोड एका रात्रीत बंद पडले, म्हणून हे लिहायला बसले. वर्गात गोयाचं ‘३ मे १८०८’ काढलेलं, मुलांनी फोन धरला आणि समोर कोरं पान. कंपनीला मेल टाकली. उत्तर आलं की ऑडिओ आता फक्त नव्या आवृत्तीबरोबर मिळतो, जुन्या ग्राहकांना दहा टक्के सवलत. साडेचार हजार मोजले तेव्हा खोक्यावर ‘आजीवन ऑडिओ’ असं छापलेलं होतं. कुणाचं आजीवन, ते छापलेलं नव्हतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे हा संच आहे त्यांना लगेच कळेल: ए-थ्री आकाराची ४० लॅमिनेट केलेली कार्डं, मागे माहिती, सोबत शिक्षकांसाठी पुस्तिका. मी कोथरूडला घरी स्पॅनिशच्या शिकवण्या घेते. मुलं ए-वन, ए-टू म्हणजे सुरुवातीच्या पातळीची, बरीचशी आयबी नाहीतर केंब्रिज शाळांतली, थोडी नुसत्या हौसेनं येणारी. भाषा शिकवताना ‘सांस्कृतिक घटक’ म्हणून चित्रकार घ्यावे लागतात आणि दर वेळी लॅपटॉपभोवती बारा डोकी गोळा करण्यापेक्षा हातात धरता येणारं काहीतरी बरं, असा माझा विचार होता. विचार अजूनही तोच आहे. तक्रार वेगळी आहे.

ऑडिओ बंद पडल्याचं दुःख मी एका चहात गिळलं. माझा राग पहिल्या दिवसापासून कार्ड क्रमांक ११ वर आहे. पिकासोचं ‘गेर्निका’.

मूळ चित्र ३४९.३ सेंटिमीटर उंच आणि ७७६.६ सेंटिमीटर रुंद. म्हणजे रुंदी उंचीच्या सव्वादोनपट. ए-थ्री कागदाची रुंदी उंचीच्या जेमतेम १.४ पट. असलं चित्र त्या कागदावर बसवायचं तर वर-खाली पांढरी जागा सोडायची, नाहीतर बाजू कापायच्या. यांनी बाजू कापल्या. मी गणित करून बघितलं, ३६ टक्के चित्र गायब. डावीकडे मेलेलं मूल हातात धरून आकाशाकडे तोंड करून ओरडणारी आई आहे ना, ती गेली. उजवीकडे जळत्या घरात दोन्ही हात वर केलेली बाई, तीही गेली. बैल अर्धा. उरलं काय, तर घोडा, वरचा दिवा, खिडकीतून कंदील पुढे करणारी बाई आणि मोडक्या तलवारीची मूठ. पिकासोला जे दाखवायचं होतं त्यातल्या दोन बायका आणि एक मूल यांनी कात्रीनं उडवलं.

त्यात पुस्तिकेतला स्वाध्याय असा: ‘चित्रात डावीकडे काय आहे ते पूर्ण वाक्यात सांगा.’ सातवीतल्या एका मुलीनं कार्ड नीट बघून उत्तर दिलं, ‘आ ला इस्किएर्दा नो आय नादा’. डावीकडे काहीच नाही. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं चोख होतं, मला पूर्ण गुण द्यावे लागले.

फोन केला. पलीकडचा मुलगा फार नम्रपणे म्हणाला, “मॅडम, पांढरी पट्टी राहिली की शाळा म्हणतात प्रिंट चुकलीय. म्हणून फुल्ल फ्रेम ठेवलंय. आणि मेन चित्र तर आलंय ना?” मेन चित्र! २६ एप्रिल १९३७ ला, बाजाराच्या दिवशी, स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या बाजूनं लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क प्रांतातल्या गेर्निका या गावावर बॉम्ब टाकले. त्यात गावातल्या साध्या माणसांचं काय झालं हेच तर मेन चित्र आहे. कार्ड बदलून द्या म्हटलं तर ‘ही छपाईतली त्रुटी नसून डिझाइन आहे’ अशी लेखी समजूत मिळाली. ती मेल मी जपून ठेवली आहे.

बरं, हे एका कार्डापुरतं नाही. वेलास्केसच्या ‘लास मेनिनास’मध्ये उजव्या काठाला कुत्र्याच्या पाठीवर पाय ठेवलेला मुलगा आहे, पोरांना नेमका तोच आवडतो. इथे तो अर्धा. फ्रिदा कालोचं ‘दोन फ्रिदा’ मूळ चौकोनी, ते आडव्या कागदावर ताणून दोघींचे पाय कापले.

आणि मोजमापं? चाळीसपैकी एकाही कार्डावर चित्राचा खरा आकार लिहिलेला नाही. साल आहे, माध्यम आहे, संग्रहालय आहे. आकार नाही. दालीचं वितळणाऱ्या घड्याळांचं चित्र, १९३१ चं, न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. मूळ २४ बाय ३३ सेंटिमीटर. म्हणजे या संचातलं कार्ड मूळ चित्रापेक्षा मोठं आहे! आणि त्याच मापाच्या कार्डावर पावणेआठ मीटरचं गेर्निका. दोन्ही शेजारी भिंतीला लावली की मुलांना वाटणार काय? दोघांनी एकाच दुकानातून कागद आणला.

शेवटी मी दहा रुपयांची खडूची पेटी आणली, मुलांना सोसायटीच्या गच्चीवर नेलं आणि साडेपंचवीस फूट बाय साडेअकरा फुटांचा आयत आखला. त्याच्या एका कोपऱ्यात दालीसाठी एक वही उघडून ठेवली. मग ज्यानं त्यानं आपापली आकृती घेऊन त्या जागी आडवं व्हायचं: कुणी घोडा, कुणी बैल, कार्डात नसलेली आई मी फोनवर दाखवली. आडवी झालेली मुलं संपली तरी आयत भरेना. मोठं म्हणजे किती मोठं, हे त्यांना तिथे कळलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ‘गच्चीवर हे काय रंगवून ठेवलंय’ म्हणून सेक्रेटरींकडे तक्रार केली, तो भाग वेगळा. वर्षातला सगळ्यात चांगला तास साडेचार हजारांच्या संचानं दिला नाही, दहा रुपयांच्या खडूनं दिला.

इथपर्यंतचं सगळं मी दिवाळीच्या सुट्टीत लिहून ठेवलं होतं आणि खाली पाचपैकी दीड तारा दिला होता. पाठवायचं राहून गेलं ते बरं झालं, कारण नंतर काही कार्डांनी मला गप्प केलं.

पहिलं, तोर्रेस गार्सियाचं. उरुग्वेचा चित्रकार, १९४३ मध्ये त्यानं दक्षिण अमेरिकेचा नकाशा उलटा काढला, दक्षिण टोक वर. आमचं उत्तर म्हणजे दक्षिण, असं त्याचं म्हणणं. मी काही न सांगता कार्ड फिरवलं. प्रत्येकानं ते हातात आल्या आल्या उलटं करून ‘सरळ’ केलं. मग एकाच्या लक्षात आलं की आता अक्षरं उलटी दिसतायत. ‘प्रोफे (म्हणजे टीचर), छापताना चुकलंय.’ (या कंपनीच्या बाबतीत शंका रास्तच.) तिथून वाद सुरू झाला: वर उत्तरच का? कुणी ठरवलं? शाळेच्या नकाशात भारत मधोमध का असतो? अर्ध्या तासाचा तास दीड तास चालला आणि त्यातला निम्मा मोडक्या-तोडक्या स्पॅनिशमध्ये. व्याकरणाच्या पुस्तकानं हे मला कधी मिळवून दिलेलं नाही. त्या कार्डाला टांगायचं भोक मात्र खालच्या बाजूला पाडलंय, म्हणजे भिंतीवर लावलं की नकाशा सरळ दिसतो आणि चित्रकाराची सगळी मेहनत पाण्यात. हेही बहुधा डिझाइन.

दुसरं, कोलंबियाच्या बोतेरोचं. कार्डावर त्याची गुबगुबीत माणसं, मागे ‘विनोदी शैली’ एवढंच. मुलं खूप हसली, हसूदे. मग मी मेदेयीनची गोष्ट सांगितली. बोतेरोनं आपल्या गावाला कांस्याचा जाडजूड पक्षी दिला होता. १० जून १९९५ ला तिथल्या बागेत कार्यक्रम चालू असताना त्या पक्ष्याला लावलेला बॉम्ब फुटला, २३ माणसं गेली. बोतेरो म्हणाला, फाटलेला पक्षी हलवायचा नाही. नंतर त्यानं तसाच नवा घडवून दिला आणि आता दोन्ही शेजारी उभे आहेत. सगळ्यात दंगेखोर मुलानं विचारलं, “आतून पोकळ होता म्हणून ठेवता आला का?” पुस्तिकेत यातली एक ओळ नाही. पण कार्ड हातात नसतं तर मला ही गोष्ट त्या दिवशी आठवलीही नसती, तेवढं श्रेय संचाला देते.

तिसरं कार्ड दिएगो रिव्हेराचं, आणि त्यासाठी मी या लोकांना बरंच माफ केलं. मेक्सिको सिटीत सार्वजनिक शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेरानं १९२३ ते १९२८ या काळात शंभराहून जास्त भित्तिचित्रं काढली. त्यातलं ‘एल पान नुएस्त्रो’, आमची भाकर, या संचात आहे, आणि नशिबानं उभं असल्यामुळे कात्रीतून बऱ्यापैकी वाचलंय. टेबलाभोवती माणसं बसलीत आणि मधला माणूस पाव मोडतोय. मागे मजकूर: ‘एक कष्टकरी कुटुंब जेवताना’. बास.

तो पाव मोडणारा माणूस वर्ध्याचा आहे हो! पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांनी परत येऊ दिलं नाही, म्हणून फिरत फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. तीना मोदोत्तीनं त्यांच्या कामाचे फोटो काढले. रिव्हेराशी ओळख झाली आणि रिव्हेरानं त्यांना भिंतीवर बसवलं. स्वातंत्र्यानंतर ते परत आले, १९६७ मध्ये नागपूरला वारले. मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर भाकर वाटणारा मराठी माणूस, आणि भारतात विकायला छापलेल्या संचात त्याचं नावही नाही. एवढा आयता धागा हातातून कसा निसटतो, देव जाणे.

मी मुलांना सांगितलं तर आधी कुणाचा विश्वास बसेना. मग एकानं फोनवर शोधलं, दुसऱ्यानं ते घरी सांगितलं, पुढच्या शनिवारी दोन पालक आणि एक आजोबा ‘ते कार्ड’ बघायला दारात हजर. आजोबा मूळचे आर्वीचे. त्यांनी कार्ड उन्हात नेऊन चष्मा वर-खाली करत बघितलं आणि म्हणाले, “ताई, याचा एक फोटो काढून द्याल का?” त्या आठवड्यात प्रत्येकानं खानखोजेंवर पाच वाक्यं लिहून आणली. भूतकाळ न शिकवताच त्यांनी भूतकाळ वापरला होता, निम्मा चुकीचा, पण वापरला होता. दीडाचे तीन तारे तिथे झाले.

बाकीचं भराभर सांगते. लॅमिनेशन पुण्याच्या एका पावसाळ्यात कोपऱ्यांतून सुटलं, चिकटपट्टी लावली. पृष्ठभाग इतका चकचकीत की ट्यूबलाइटखाली गोयाच्या अंधारात आमचीच तोंडं दिसतात. कागद जाड आहे, तक्रार नाही. निवडीबद्दल मात्र आहे. चाळीसपैकी सहा कार्डं फ्रिदाची. फ्रिदाबद्दल मला प्रेमच आहे, पण मुलं तिला मग आणि पिशव्यांवरून आधीच ओळखतात; तिच्यापलीकडे एकही स्पॅनिशभाषक बाई चित्रकार सापडली नाही का? एक बाई आहे, पण ती तार्सिला दो आमारल, म्हणजे ब्राझीलची, म्हणजे पोर्तुगीजभाषक. गोव्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं हे पहिल्या नजरेत पकडलं. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, ‘हे चित्र ब्युनोस आयरेसच्या संग्रहालयात आहे’. तसं ते आहे खरं, ‘आबापोरू’ तिथल्या माल्बामध्येच आहे. याच न्यायानं दालीला अमेरिकन म्हणायला हरकत नाही. क्युबाचा विफ्रेदो लाम आणि एक्वादोरचा ग्वायासामीन घेतलेत, त्याबद्दल मनापासून शाबासकी. असल्या संचांत हे दोघे सहसा नसतात.

ऑडिओ चालू होता तोवर चांगला होता, हेही खरं. मेक्सिकन आणि कोलंबियन उच्चार मुलांना ऐकायला मिळत होते. आता ती वाक्यं मीच मोठ्यानं वाचते, कोथरूडच्या उच्चारात.

घ्यावा का? नवा, पूर्ण किमतीत, नको. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वेलास्केस आणि गोया मोठ्या आकारात फुकट बघता येतात, गेर्निका जिथे आहे त्या माद्रिदच्याच रेइना सोफिया संग्रहालयाचं गेर्निकावरचं वेगळं संकेतस्थळ आहे, त्यात चित्र अगदी जवळ जाऊन बघता येतं आणि ते पूर्ण आहे, दोन्ही बायकांसकट. चित्र माद्रिदला कसं आलं तीही कथा सांगण्यासारखी: स्पेनमध्ये लोकांचं स्वातंत्र्य परत येईपर्यंत तिकडे पाठवायचं नाही असं पिकासोनं बजावलेलं, तो १९७३ मध्ये वारला, फ्रँको १९७५ मध्ये, आणि चित्र पोचलं १९८१ मध्ये. कुणी संच जुना विकत असेल तर हजार-बाराशेपर्यंत घ्या. घेतलात तर मार्कर उचलून प्रत्येक कार्डामागे मोजमाप लिहा, तोर्रेस गार्सियाला वरच्या बाजूनं नवं भोक पाडा आणि रिव्हेराच्या कार्डावर खानखोजेंचं नाव लिहा.

नव्या आवृत्तीत कार्ड ११ बदललंय का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सवलतीचं कूपन आलं. तीनचे अडीच करते.