लेकीचे फोटो कुठे टाकायचे: इन्स्टा, फॅमिली ग्रुप की शेअर्ड अल्बम?

फोटो कुठेच न टाकणाऱ्या आईबापांबद्दल मला आदर आहे. पण आजी वर्ध्याला, मामा पुण्याला आणि आम्ही नागपुरात; आम्हाला ते जमलं नाही. तिन्ही मार्ग वापरून झाले, म्हणून लिहितोय.

इन्स्टाग्रामवर फोटो सगळ्यात देखणा दिसतो. खातं प्रायव्हेट ठेवून ‘क्लोज फ्रेंड्स’ या निवडक लोकांच्या यादीपुरती स्टोरी टाकली की बऱ्यापैकी आडोसा मिळतो. पण ज्या आजीसाठी हा खटाटोप, तीच तिथे नसते.

व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर आजी असते. माझं घोडं मात्र तिथेच अडलं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे आमच्या विदर्भातल्या लहान मुलांच्या पोळ्याला, लेकीला धोतर नेसवलं, फेटा बांधला, लाकडी नंदी हातात दिला आणि बोजारा (घरोघरी मुलांना मिळणारे पैसे-खाऊ) मागायला निघताना फाटकाशी फोटो काढला. ग्रुपवर टाकला, तो संध्याकाळी एका नातेवाइकांच्या स्टेटसला, तिथून आणखी कुठे. मागे घराची पाटी स्वच्छ वाचता येत होती. काही आठवड्यांनी लेक म्हणाली, “बाबा, तो फोटो काढून टाक ना, वर्गातली मुलं चिडवतात.” काढणार कुठून? ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत साधारण अडीच दिवसांची, आणि तोवर फोटो सगळ्यांच्या गॅलरीत उतरलेला. तिसरीतली पोरगी स्वतःच्याच फोटोबद्दल काही मागते आणि बापाच्या हातात काही नाही, हे मला फार लागलं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी अशी तरतूद आहे. घरगुती वापर त्यातून वगळलाय. म्हणजे घरातल्या घरात लेकीला विचारायचं काम आपलंच.

आता गूगल फोटोजचा शेअर्ड अल्बम वापरतो. मी अल्बममधून फोटो काढून टाकला की तो सगळ्यांसाठीच जातो. कुणी आधी सेव्ह केला असेल तर त्याच्याकडे राहतो, ही फट आहेच. पण आमच्याकडे तेवढा उपद्व्याप सहसा कुणी करत नाही. व्हिडिओंनी गूगलची फुकटची 15 जीबी जागा लवकर भरते आणि ग्रुपवरच्यासारखं भरभरून कौतुक तिथे होत नाही, आजीला त्याची चुटपुट लागते.

तुमचे सगळे नातेवाईक इन्स्टावर असतील तर क्लोज फ्रेंड्सही कदाचित पुरेल. अल्बम केलात तर लिंक शेअरिंग बंद ठेवा, माणसं त्यांच्या खात्यानेच जोडा आणि फोटोचं लोकेशन शेअर करण्याचा पर्यायही बंद करा.